तांदळात लिहिलेलं नाव

ज्यांच्या घरातलं कुणी परदेशी कायमचं राहायला निघालं आहे, त्यांनी हे आधी वाचावं आणि आत्तापासूनच चिडायला लागावं. पुढं चिडायला सवड मिळत नाही, झेरॉक्स काढण्यातच दिवस जातात.

लोणी, तळेघर, ओझर, जुन्नर आणि परत तळेघर असा प्रवास मी काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर केला. लोक त्या रस्त्यानं भीमाशंकराला जातात, ओझरला अष्टविनायकातल्या विघ्नहराला जातात, जुन्नरला शिवनेरी चढतात. मी माझ्या सुनेच्या नावासाठी गेलो. ते नाव मला पहिल्यापासून माहीत होतं, कारण आमच्याच घरात ठेवलेलं होतं. पण मला माहीत असून भागत नाही, हे मला उतारवयात कळलं. माझं शिक्षण सातवीपर्यंत. त्यामुळं कागद म्हटलं की मी आधी लांबच राहतो.

झालं असं. माझा मुलगा संदीप परदेशात दुधाच्या मोठ्या गोठ्यावर नोकरीला लागला. दोन वर्षांनी सून गेली. नात मुक्ता तेव्हा लहान, म्हणून ती आमच्याकडं राहिली. "सहा महिन्यांत नेतो," असं ठरलं होतं. त्या सहा महिन्यांची कितीतरी वर्षं झाली. मग एकदाची त्यांना तिथं कायम राहायची परवानगी मिळाली आणि मुक्ताचा अर्ज भरला. मी इथून तिचा जन्मदाखला पाठवला, गावचा रहिवासी दाखला पाठवला. सगळं वेळेत केलं. एका रात्री संदीपचा फोन आला.

"बाबा, ते विचारतायत, अश्विनी कोण?"

"कोण म्हंजी? तुझी बायको!"

"पण मुक्ताच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव सुनंदा आहे. आणि तुमी पाठवलेल्या रहिवासी दाखल्यावर लिहिलंय, मुलगी सुनंदाजवळ राहते, नातं काय ते लिहिलेलंच नाही. ते म्हणतायत, मुलीची आई तर गावातच आहे. मग ही अश्विनी तिला कशाला मागतीये?"

आता खुलासा करतो. माझ्या बायकोचं नाव सुनंदा. सुनेचं माहेरचं नावही सुनंदा. एका घरात दोन सुनंदा कशा चालणार? हाक मारली की दोघी उठायच्या. म्हणून लग्नात, आपल्याकडं रीत आहे तशी, ताटात तांदूळ पसरून मुलानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं: अश्विनी. रेशनकार्डावर, पासपोर्टवर सगळीकडं तेच लागलं. पण पहिलं बाळंतपण माहेरी झालं आणि जन्माची नोंद तिच्या वडिलांनी केली. त्यांनी लिहून दिलं सुनंदा.

म्हणजे त्या परदेशातल्या साहेबाच्या हिशेबानं माझी पन्नाशी उलटलेली बायको बाळंत झाली होती आणि मला कुणी कळवलंसुद्धा नव्हतं! दिलेल्या मुदतीत दाखला दुरुस्त झाला नाही, तर अर्ज बंद. पोरीनं आईला फक्त फोनवर ऐकायचं.

मी तडक व्याह्यांना फोन लावला. ते निवृत्त शिक्षक, राहणार ओझर. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात.

"मास्तर, दाखल्यावर नाव काय लावलंत?"

"माझ्या मुलीचं लावलं, पावणं. दुसऱ्याच्या मुलीचं लावू?"

ठरलं. दोघांनी जाऊन दुरुस्ती करून आणायची.

सकाळच्या एसटीनं लोणीहून निघालो. आमचा भाग कोरडा, धामणीपर्यंत बाजरी काढलेली रानं आणि कुठं कुठं कांद्याची लागण. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडी पिशवीत आणि कापडी पिशवी मांडीखाली. तरी मी दर थांब्याला चाचपून बघत होतो. शेजारचा म्हातारा म्हणाला, "काय अंडी न्हेताय का?" मी पिशवी मांडीखाली अजून आत सरकवली.

मंचरच्या स्टँडवर मास्तर छत्री घेऊन उभे होते. ऊन नाही, पाऊस नाही, तरी छत्री. ज्यांना पुढं तळेघरला जायचंय त्यांनी मंचरला पोटभर खाऊन घ्यावं, पुढं काय मिळेल सांगता येत नाही. आम्ही भजी खाल्ली. पैसे कुणी द्यायचे यावरून व्याह्या-व्याह्यांत व्हायची तेवढी ओढाताण झाली, आणि मास्तर जिंकले. त्याचाही मला राग आला.

तळेघरच्या गाड्या कमी. मिळाली ती घोडेगावातच गच्च भरली. पुढं डिंभ्याच्या धरणाचं पाणी लागतं. पाणी निळं, डोंगर हिरवे, बघणारा म्हणेल काय सुंदर! मला दुसरंच सुचलं.

"मास्तर, ह्या पाण्याखाली गावं गेली. त्यातल्या माणसानं रहिवासी दाखला मागितला तर?"

"तुमी आधी आपलं बघा, पावणं."

"न्हाई, पण विचारतो. माणूस राहिला व्हता एवढं खरं ना? मग?"

मास्तरांनी छत्री एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर घेतली.

मास्तरांची शेवटची नोकरी तळेघरच्या पुढच्या एका वाडीवर झाली. मुक्ता तिथंच जन्मली. वाडीचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांना अजून तिथंच राहायचंय. तळेघरला उतरून पायी जावं लागतं. वाट चांगली आहे, पण दगडाची. चपला नकोत, बूट घाला. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं कापून झालेली, खळ्यांवर झोडणी चाललेली. पेंढ्या फळीवर आपटल्या की दाणे पावसासारखे उडतात. नव्या भाताचा वास मला एरवी फार आवडतो. त्या दिवशी प्रत्येक पेंढीबरोबर वाटत होतं, मुदतीतला एकेक दिवस झडतोय.

मास्तरांना वाटेत सगळे ओळखत होते. "गुर्जी, च्या घ्या." "गुर्जी, भाकर खावा." प्रत्येक ठिकाणी थांबणं आलं. मी म्हणालो, "मास्तर, निवडणुकीला उभं राहायचंय का?" मास्तर हसले. मला हसू आलं नाही, जन्माच्या नोंदी ठेवणारे ग्रामसेवक निघून जातील ही धास्ती होती. ते तिथं आठवड्यातून एकदाच बसत.

बसलेले होते. तरुण माणूस, वागायला वाईट नाही, पण बोलणं तिरकस. आमचं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे सुनंदा आणि अश्विनी एकच?"

"एकच," मी म्हणालो.

"पुरावा?"

"मी सासरा, हे वडील. अजून काय पुरावा पायजे?"

"तुम्ही दोघं घरचेच. लेखी पाहिजे. नाव बदललं कधी?"

"लग्नात."

"कुठं नोंदवलं?"

मास्तर म्हणाले, "ताटात. तांदळात."

ग्रामसेवकांनी पेन खाली ठेवलं. "मग ते तांदूळ आणा."

कचेरीत बसलेली चार माणसं हसली. त्याच तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला होता. पंगतीत मीही खाल्ला होता. आपल्या बायकांची नावं अशी बदलतात, सबंध मुलखात बदलतात, हा कचेरीतला माणूसही असल्याच घरातून आलेला. त्याची आई, त्याची बायको, सगळ्यांची नावं ताटातूनच आलेली असणार. आणि तोच मला म्हणतो, तांदूळ आणा!

मास्तर म्हणाले, "बाळंतपण केलेली बाई इथंच आहे. तिची साक्ष घ्या."

ठकूआजी दोन घरं सोडून राहत होती. तिला हाताला धरून आणली. तिनं मास्तरांच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

ग्रामसेवकांनी विचारलं, "आजी, ह्यांच्या मुलीचं बाळंतपण तुम्ही केलं?"

"मी न्हाई तर कुणी? लई आडलेली. पोरगी झाली, गोरीपान. माझ्या ध्यानात हाय."

"मुलीच्या आईचं नाव काय?"

आजी विचारात पडली. "नाव?"

"हां, नाव."

"मास्तरांची पोर."

"पण तिला हाक काय मारत होता?"

"ए पोरी! अजून काय मारायची?"

झालं. बारा गावच्या बाळंतिणी सोडवलेली बाई, पण तिला कधी कुणाचं नाव लागलंच नव्हतं. मास्तर कपाळाला हात लावून बसले. ग्रामसेवक मात्र जरा मवाळ झाले. म्हणाले, "हे बघा काका, लग्नपत्रिका आणा, त्यावर जुनं नाव असेल. आणि लग्नाच्या वेळचंच काहीतरी आणा, ज्यावर नवं नाव आणि नवऱ्याचं नाव दोन्ही आहे. वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करा. पुढच्या आठवड्यात या, मी वर पाठवून मंजुरी घेतो."

"लग्नाच्या वेळचं, नव्या नावाचं? असं काय असणार? नावच लग्नात ठेवलं!"

"ते मी कसं सांगू?"

मुक्काम मास्तरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडं केला. जेवायला नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी आणि नव्या तांदळाचा भात. एकदा खाऊन बघा, असा भात आमच्या कोरडवाहू भागात नाही. पण मी ताटातला भात बोटानं नुसता इकडून तिकडं करत राहिलो. विद्यार्थ्यानं विचारलं, "पावणं, भात शिजला न्हाई का?" म्हटलं, "तसं न्हाई. लईच शिजला."

दुसऱ्या दिवशी उतरून मंचर, तिथून नारायणगाव, तिथून ओझर. नारायणगावला मिसळ चांगली मिळते म्हणतात, आम्ही उभ्यानं चहा प्यायलो. वाटेत मास्तरांशी जुंपली. ते म्हणाले, तुमी नाव बदललंच नसतं तर ही वेळ आली नसती. मी म्हणालो, तुमी मुलीचं नाव माझ्या बायकोचं ठेवलंच कशाला? मास्तर म्हणाले, "ठेवलं तवा तुमच्या बायकोला मी वळखत व्हतो का?" पुढच्या बाकड्यावरची बाई खदाखदा हसली. मी तोंड फिरवून बसलो.

ओझरला देवळात गेलो. कुकडीच्या काठावर सुंदर जागा, दगडी तट, उंच दीपमाळा. गर्दी नसेल तर शांत बसता येतं. मास्तरांनी डोळे मिटले. मी हात जोडले, पण पिशवी बगलेतच ठेवली. विघ्नहर्त्याला कसली विघ्नं दूर करायची सवय असेल कोण जाणे! लग्नात नाव बदललं म्हणून अडलेली पोर त्याच्याकडं आधी आली नसावी.

मास्तरांच्या घरी विहीणबाई भाकरीला बसल्या होत्या. तांदळाची भाकरी. शेजारी स्टीलचा मोठा डबा, त्यातून त्या पीठ घेत होत्या. मी डबा ओळखला. आमचाच डबा! सुनेच्या बाळंतपणाच्या वेळी माझ्या बायकोनं त्यातून डिंकाचे लाडू पाठवले होते. डबा परत आला नाही. इतकी वर्षं दर सणाला माझी बायको तो डबा काढते, म्हणजे विषय काढते. "विहिणीनं डबा दाबला." मी किती वेळा म्हटलं असेल, जाऊ दे, डबाच आहे.

विहीणबाईंनी माझी नजर ओळखली. त्या वरमल्या. "पावणं, डबा न्ह्यायचाच हाय. दर वेळी मनात येतं, आन ऱ्हातं."

"राहू द्या हो."

"राहू द्या कसं? त्याच्यावर नाव हाय तुमच्या सुनंचं."

मास्तर आणि मी एकदम उठलो. विहीणबाई घाबरून मागं सरकल्या. डब्याच्या अंगावर, झाकणाच्या खाली, भांडेवाल्याच्या मशिननं ठिपक्या-ठिपक्यांत कोरलेलं होतं: सौ. अश्विनी, मग संदीपचं नाव, मग आमचं आडनाव, लग्नाची तारीख, आणि खाली, मामाकडून सप्रेम भेट. संदीपच्या मामानं हळदीच्या दिवशी येऊन विचारलं होतं, नवं नाव काय ठरलंय, भांड्यावर घालायचंय. तांदळात लिहायच्या आधीच ते स्टीलवर लिहून झालं होतं!

"आवं पर इतकी वर्सं ह्यातलंच पीठ खाताय ना?" मी मास्तरांवर ओरडलो. "शाळेत वाचायला शिकवत व्हता का दुसरं काय?"

मास्तर म्हणाले, "डबा वाचायचा असतो, हे मला तरी कुठं ठाऊक?"

जुन्नरला जाऊन आधी फोटो स्टुडिओ गाठला. फोटोवाल्यानं डबा उलटसुलट करून पाहिला. "पासपोर्ट साइज काढू का?" त्याला विनोद सुचत होते. पण फोटो काढला तर चकाकीनं अक्षरं दिसेनात. ओला कापूस फिरवला, उजेड बदलला, काही होईना. मी घामाघूम. तेवढ्यात मास्तरांनी डब्याच्या तळाला चिकटलेलं पीठ बोटावर घेतलं आणि अक्षरांवर चोळलं, वरचं पुसून टाकलं. ठिपक्यांत पीठ बसलं. पांढरंशुभ्र नाव उमटलं: अश्विनी.

तांदळाचंच पीठ ते. मास्तर माझ्याकडं बघून म्हणाले, "घ्या पावणं, तांदूळ आणा म्हनला व्हता ना त्यो?" आख्ख्या प्रवासात तेवढं एकदा मी हसलो.

वकिलानं फोटोमागं शिक्का मारला आणि प्रतिज्ञापत्र केलं, की सुनंदा व अश्विनी ही एकच व्यक्ती आहे. एवढं साधं वाक्य स्टँपपेपरवर आलं की खरं होतं. शिवनेरी समोर दिसत होता. मास्तर म्हणाले, चला, आलोच आहोत. मी म्हटलं, कागद घेऊन गड चढायचा? वाऱ्यानं उडाले तर?

पुढच्या आठवड्यात पुन्हा मंचर, पुन्हा तळेघर, पुन्हा ती वाट. ह्या वेळी मी पत्रिका, फोटो, प्रतिज्ञापत्र आणि डबा, सगळं नेलं. डबा कशाला, असं मास्तरांनी विचारलं. मी सांगितलं, आता मी कुणाला बोलायला जागा ठेवणार नाही. ग्रामसेवकांनी फोटो पाहिला, डबा वाजवून पाहिला आणि हसून म्हणाले, "काका, हा फाइलला लावता येणार नाही." कागद वर गेले. मंजुरीसाठी अजून एक हेलपाटा झाला, त्यात मास्तर एकटे गेले. नवा दाखला मुदतीत मिळाला. आईचे नाव: अश्विनी.

वाचकांसाठी एवढंच सांगतो. घरात लग्न झालं की ताबडतोब नोंदणी करा, जुनं-नवं नाव दोन्ही एका कागदावर घ्या. बाळाची नोंद करायला जाणाऱ्याला कोणतं नाव लावायचं ते आधी सांगून ठेवा. आणि आहेराच्या भांड्यांवर काय कोरलंय ते वाचून ठेवा.

दाखला घेऊन लोणीला आलो तेव्हा वाटलं होतं, बायको डबा बघून खूश होईल. झालीही. डबा राखेनं घासायला घेतला. मुक्ता तिच्या पाठीला लोंबकळत होती. मुक्ता लहानपणापासून तिलाच आई म्हणते. फोनवरची ती मम्मी.

"दाखल्यावर काय ल्हिवलंय, वाचून दाखवा की," बायको म्हणाली.

मी वाचलं. आईचे नाव, अश्विनी.

"म्हंजी सुनंदा काढलं."

"अगं, ते तुझं नव्हतं. सुनेचं जुनं नाव व्हतं ते."

"ठावं हाय मला." ती डबा घासत राहिली. "पर असतं ऱ्हायलं तर काय बिघडलं असतं कुणाचं?"

मला तिचा राग आला. एवढी पायपीट कुणासाठी केली? मग मी पिशवीतले कागद बाहेर काढले. रहिवासी दाखल्यात मुलगी कुठं राहते ते लिहितात. जन्मदाखल्यात जन्म कुणी दिला ते लिहितात. परदेशी अर्जात तर पोरीच्या अंगावरचा तीळसुद्धा विचारला होता. पण तापात उशाशी कोण बसलं, वेणी कोण घालतं, ह्याला कुठल्याही देशाच्या कुठल्याही कागदावर रकाना नाही. मी सगळे कागद पुन्हा उलटून पाहिले. नाही.

संदीप तिला न्यायला आला तेव्हा बायकोनं डिंकाचे लाडू केले. त्याआधी मला घेऊन मंचरला गेली आणि भांडेवाल्यासमोर तोच डबा ठेवला. "ह्या नावाखाली घाला," म्हणाली. "मुक्ता हीस, आजी सुनंदाकडून." भांडेवाल्यानं मशीन फिरवलं. ती वाकून प्रत्येक ठिपका बघत होती. सही करताना चाचपडत चाचपडत लिहिते तेवढंच नाव तिला वाचता येतं. झाल्यावर तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"आता खोडा म्हणावं," ती म्हणाली.

मुक्ता पोचली. तिथल्या विमानतळावर लाडू काढून घेतले आणि कचऱ्यात टाकले. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत म्हणे. शुद्ध तुपातले लाडू! ह्याचा राग माझा अजून गेलेला नाही आणि जाणारही नाही. रेशनदुकानदार तर दर महिन्याला सांगतो, काका, नातीचं नाव कमी करून घ्या. मी अजून गेलेलो नाही. कमी करायचं असेल तर तिनं इथं राहणं कधी सोडलं त्याचा पुरावा आण म्हणावं.

डबा मात्र आत गेला. मुक्ता त्यात रंगखडू ठेवते. पहिल्या फोनला मम्मीनं शिकवलं तसं ती म्हणाली, "हॅलो आजी." बायकोनं नुसतं हं केलं. मग पोरगी डब्यावरचं एकेक अक्षर अडखळत वाचू लागली, सु, नं, दा. आणि एकदम ओरडली, "आई, ह्याच्यावर तुझं नाव हाय!"